भाड्याच्या घरात व्हीलचेअर बाथरूमच्या दारातच अडकते? भिंत फोडायच्या आधी हे सगळं तपासून बघा

आधी लक्षणं लिहिते. "व्हीलचेअर बाथरूममध्ये जात नाही" असं सगळेच म्हणतात पण त्यामागे सात-आठ वेगवेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे, त्यामुळे तुमच्याकडे यातलं नेमकं काय होतंय ते आधी ओळखा.

- पुढची छोटी चाकं उंबरठ्याला ठेकतात, ढकललं तर खुर्चीवरचा माणूस पुढे झुकतो
- चाकं कशीबशी जातात पण हाताची बोटं चौकटीला घासून सोलतात
- दाराची रुंदी टेपने बरोबर भरते तरी पॅसेजमधून आत वळताच येत नाही
- आत जाते पण मग दार लागत नाही, किंवा मदत करणाऱ्याला उभं राहायला जागाच उरत नाही
- कमोडवर जाता येतं पण परत खुर्चीत येता येत नाही
- आंघोळ चालू असताना खुर्ची आपोआप नहाणीच्या जाळीकडे सरकते
- ग्रॅब बार (धरायचा भिंतीवरचा दांडा) लावला तो दोन महिन्यात हलायला लागला
- उंबरठ्यावर रॅम्प टाकला आणि पाणी बाहेर हॉलमध्ये यायला लागलं

माझ्या दादाचा २०१३ साली बाईकचा ॲक्सिडेंट झाला, मणक्याला मार लागला, तेव्हापासून कमरेखाली हालचाल नाही आणि संवेदनाही नाही. तेव्हापासून आम्ही पुण्यात पाच भाड्याची घरं बदलली, कर्वेनगर, वारजे, धायरी, परत कर्वेनगर आणि आता नऱ्हे. अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट, मालकाने रिन्यू केलं तर ठीक नाहीतर परत टेम्पो. प्रत्येक घरात बाथरूमचं हेच रामायण पहिल्यापासून, आणि फिजिओथेरपीला येणाऱ्या ओळखीच्या चार-पाच घरांमध्येही मी टेप घेऊन गेलेय. वर लिहिलेलं एकूणएक लक्षण मी स्वतः बघितलंय. एवढं सगळं झाल्यावर एकच गोष्ट पक्की कळली की पैसे खर्च करायच्या आधी पलंगापासून पाण्यापर्यंतचा रस्ता नेमका कुठे तुटतो ते शोधायचं. बहुतेक वेळा तो तुटतो तिथे फोडाफोडीची गरजच नसते, आणि भाड्याच्या घरात जे लावाल ते उद्या काढून बरोबर नेता आलं पाहिजे.

सगळ्यात आधी, फुकटातलं

जो माणूस खुर्चीवर आहे त्याला विचारा. हे मी पहिलं लिहितेय कारण आम्ही पहिल्या घरात हेच केलं नव्हतं. मी, बाबा आणि प्लंबर तिघं बाथरूममध्ये उभं राहून ठरवत होतो की बार कुठे, नळ कुठे, आणि दादा बाहेर पॅसेजमध्ये बसून ऐकत होता. शेवटी तो म्हणाला, "मला व्हीलचेअर आत न्यायचीच नाहीये गं, मला एकट्याला आंघोळ करायचीय." तोपर्यंत आमचा सगळा विचार खुर्ची आत कशी घालायची याचाच चालला होता. त्याला हवं होतं ते म्हणजे दार लोटून, कुणी समोर उभं न राहता आंघोळ. या दोन वेगळ्या समस्या आहेत आणि दुसरी बऱ्याचदा स्वस्तात सुटते.

मग बाथरूम पूर्ण रिकामं करा. खरंच पूर्ण. पुण्यात पाण्याच्या वेळा असतात म्हणून प्रत्येक बाथरूमच्या कोपऱ्यात पाण्याचं पिंप असतंच, शिवाय दोन-तीन बादल्या, कपडे धुवायचा पाट, दारामागे टॉवेलचा रॉड आणि त्यावर चार कपडे. चार बाय सहाच्या बाथरूममध्ये एक पिंप म्हणजे खुर्ची वळायची जागाच गेली. वारजेच्या घरात आमचा अर्धा प्रश्न पिंप बाल्कनीत नेऊन आणि तिथून पाईपने पाणी घेऊन सुटला. आणि दारामागच्या कपड्यांमुळे दार पूर्ण उघडत नाही, ऐंशी अंशातच थांबतं, तिथेच एक-दीड इंच जातो जो नंतर आपण सुताराला पैसे देऊन शोधत बसतो.

आता टेप. दार काटकोनात उघडून, उघड्या दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या आतल्या कडेपर्यंत मोजा. चौकट ते चौकट मोजू नका, तो आकडा फसवतो. अडीच फुटी म्हणून जे दार असतं त्यात चौकट आणि दाराची जाडी वजा जाऊन हातात २५-२६ इंचच उरतात, आणि जुन्या बिल्डिंगमधली संडासाची दारं सव्वादोन फुटी असतात. १८ इंची सीटची साधी फोल्डिंग व्हीलचेअर बाहेरून बाहेर २५-२६ इंच भरते, म्हणजे हात घालायला जागा शून्य. खुर्ची मोजताना माणूस बसलेला असताना मोजा, हाताने फिरवायच्या रिंगच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या रिंगच्या बाहेरच्या कडेपर्यंत, आणि वर बोटांसाठी दोन्हीकडे निदान एक-एक इंच धरा. सरकारी नियमात सुगम (म्हणजे अपंग माणसाला सहज वापरता येईल अशा) दारासाठी मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर म्हणजे साधारण ३५ इंच आहे आणि खुर्ची पूर्ण फिरवायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ म्हणजे जवळपास पाच फूट. भाड्याच्या वन बीएचकेत हे मिळणार नाही हे मान्य करून पुढे जायचं, पण आकडे माहीत असावेत म्हणजे घर बघायला जाताना कळतं की आपण किती लांब आहोत.

दारासमोरचा पॅसेजही मोजा. हे कुणीच मोजत नाही. खुर्चीची लांबी फूटरेस्टसकट साधारण ४२ इंच, पॅसेज तीन फुटी म्हणजे ३६ इंच, मग बाथरूमचं दार पॅसेजच्या बाजूच्या भिंतीत असेल तर अरुंद दारातून खुर्ची काटकोनात वळणार कशी? दार थोडंफार मोठं केलं तरी हे वळण अवघडच राहू शकतं. एका ओळखीच्या घरात दार मोठं करायचं कोटेशन घेऊन झालं होतं, मी जाऊन पॅसेज मोजला आणि त्यांना थांबवलं, दार तीन फुटी केलं असतं तरी खुर्ची वळली नसती.

खुर्ची पण तपासा. टायर हवेचे असतील तर हवा भरा. हवा कमी असली की उंबरठा चढायला दुप्पट जोर लागतो, आणि महत्त्वाचं म्हणजे ब्रेक धरत नाही, कारण व्हीलचेअरचा ब्रेक टायरवरच दाबून बसतो, टायर मऊ असेल तर तो पकडणार कशाला. फूटरेस्ट बाजूला वळणारे किंवा निघणारे असतील तर दारापर्यंत जाऊन काढून बघा, खुर्ची वीतभर तरी छोटी होते आणि मग कधीकधी पॅसेजचं वळण जमून जातं (पाय मात्र घसटणार नाहीत असे उचलून धरा). मागे उलटू नये म्हणून लावलेली छोटी चाकं असतील तर ती उंबरठ्यात अडकतात, ती तेवढ्यापुरती वर फिरवा.

उलटं नेऊन बघा, म्हणजे मोठी चाकं आधी. मोठं चाक दीड-दोन इंच सहज चढतं, छोटं नाही चढत. पण यात एक धोका आहे जो मला पहिल्यांदा लक्षात आला नाही, उलटं ओढताना मदत करणारा आधी आत जातो आणि बाथरूम छोटं असेल तर खुर्चीच्या मागे तोच अडकतो. दादाला काही झालं असतं तर मला बाहेर येऊन फोन करायलाही जागा नव्हती. म्हणून ज्या बाथरूममध्ये खुर्चीच्या बाजूने बाहेर पडता येत नाही तिथे उलटं नेऊ नका.

दार

दार आत उघडत असेल तर हे सगळ्यात आधी बदला, जागेसाठी तर आहेच पण माणूस आत पडला आणि दाराला टेकून पडला तर बाहेरून दार उघडताच येत नाही. आतली कडी काढून टाका किंवा बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं लॅच लावा.

स्वस्तातला उपाय म्हणजे दार बिजागऱ्यांवरून काढून ठेवायचं आणि जाड पडदा लावायचा. दाराची जाडी सव्वा इंच, त्यात हँडल-कडीची अडचण, एवढी सगळी जागा एका स्क्रूड्रायव्हरने मिळते. नव्या बिल्डिंगमध्ये चौकट ग्रॅनाईटची असते, तिथे दगडातले स्क्रू काढू नका कारण ते परत घट्ट बसवणं अवघड जातं, फक्त दाराकडचे स्क्रू काढायचे, बिजागरीचं पान मागे दुमडायचं आणि त्यावर टेप गुंडाळायची म्हणजे हात कापत नाही. पडदा खोली-पॅसेजच्या बाजूने लावा, दोन्ही कडांना भिंतीपर्यंत जाईल एवढा रुंद. दादाला पडदा सुरुवातीला अजिबात पटला नाही, घरात पाहुणे असले की त्याला संकोच व्हायचा आणि ते बरोबरच आहे, म्हणून धायरीत आम्ही पीव्हीसीचं घडीचं दार लावलं, ते एका बाजूला गोळा होतं आणि पाच-सहा इंच जागा खातं, त्यामुळे लावायच्या आधी तेवढी जागा आहे का ते मोजा. दार काढायच्या आधी मालकांना सांगा. आमच्या घरमालक काकूंना मी म्हटलं, "काकू, दार काढून पलंगामागे ठेवते, घर सोडताना जसंच्या तसं लावून देते," त्या लगेच हो म्हणाल्या. पण हो म्हणाल्या तरी व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घेतल्या आणि दाराचे फोटो काढून ठेवले.

उंबरठा

इथे लोक सगळ्यात जास्त चुकतात. आपल्याकडे बाथरूमचा उंबरठा ग्रॅनाईटचा नाहीतर कडाप्प्याचा असतो, बाहेरच्या फरशीपासून एक ते दोन इंच वर, आणि आतली फरशी बाहेरच्यापेक्षा अजून खाली, म्हणजे चढायचं कमी आणि उतरायचं जास्त. दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजा.

रॅम्पचं गणित सोपं आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. दोन इंच उंबरठ्याला दोन फूट रॅम्प. पॅसेज तीन फुटी असेल तर दोन फुटाचा रॅम्प टाकल्यावर खुर्ची तिरक्या पृष्ठभागावर वळवावी लागते आणि ते धोक्याचं आहे, एक चाक वर एक खाली. अशा ठिकाणी रॅम्पचा हट्ट सोडा आणि खाली "खुर्चीच बदला" हा भाग वाचा. सरळ समोरून जागा असेल तर वॉटरप्रूफ प्लायची पाचर करून घ्या, वरती खरखरीत रबर चिकटवून, खाली सुद्धा रबर म्हणजे सरकत नाही. आम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून प्लाय कापून आणला आणि रबर, स्क्रू वगैरे बोहरी आळीतून, आणि तोच रॅम्प तीन घरं चाललाय, फक्त दर वेळी उंची जुळवायला खाली पट्ट्या कमीजास्त केल्या.

आतल्या बाजूला मात्र सलग पाचर ठेवू नका. आतल्या पाण्याचा ढाळ नहाणीकडे असतो, तुम्ही मध्ये फळी आडवी टाकली की पाणी तिच्यामागे साचतं, उंबरठ्याला भिडतं आणि रॅम्पवरून बाहेर येतं. आत प्लास्टिकच्या जाळीच्या फरश्या मिळतात एकमेकांत अडकवायच्या, त्या टाकून आतली पातळी उंबरठ्याजवळ वर आणा, पाणी खालून वाहत जातं. आठवड्यातून एकदा उचलून घासाव्या लागतात नाहीतर खाली साबणाचा थर आणि शेवाळ. आणि पाणी बाहेर येतंय म्हणून रॅम्पला दोष द्यायच्या आधी नहाणीची जाळी उचलून केस काढा, आमच्याकडे दोनदा फक्त तेवढंच होतं.

उंबरठा फोडून काढायचा मोह सगळ्यांना होतो. आम्ही दुसऱ्या घरात काढला. गवंड्याने अर्ध्या तासात काढला, दिसायला एकदम सपाट आणि सुंदर, आणि दीड महिन्यात खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला ओल आली. उंबरठ्याखाली आणि फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा कोबा असतो, तो कडेला तुटला की पाणी स्लॅबमध्ये जातं आणि कुठून बाहेर पडेल सांगता येत नाही. ती चूक माझी होती, मालकांची तोंडी परवानगी होती पण कागद नव्हता, डिपॉझिटमधून खालच्यांची दुरुस्ती गेली. म्हणून उंबरठा हा माझ्यासाठी थांबायचा पहिला दगड आहे. काढायचाच असेल तर मालकाची लेखी परवानगी, सोसायटीला कळवणं, आणि काम वॉटरप्रूफिंग करणाऱ्या माणसाकडून, नुसत्या गवंड्याकडून नाही.

खुर्चीच बदला

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरांचा प्रश्न इथे सुटतो. व्हीलचेअर आत जायलाच हवी असं नाही. चाकांची शॉवर-कमोड चेअर मिळते, चारी चाकं छोटी, मध्ये भोक असलेली सीट, रुंदी २०-२२ इंचापर्यंत, अरुंद असल्याने सव्वादोन फुटी दारातूनही बऱ्याचदा जाते. माणूस पलंगावरून थेट या खुर्चीवर बसतो, जिथे जागा भरपूर आहे तिथेच ट्रान्सफर (एका जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकणं) होतं, आणि मग आंघोळ आणि संडास दोन्ही त्याच खुर्चीवर, कमोडवर उतरायची गरजच नाही, खुर्ची कमोडच्या वर सरकवायची. सदाशिव पेठेत सर्जिकल सामानाची दुकानं आहेत, तिथे आधी बघा, शक्य असेल तर भाड्याने आणून आठवडाभर वापरा मग विकत घ्या.

विकत घ्यायच्या आधी तीन मापं कागदावर लिहून न्या. कमोडची जमिनीपासून उंची झाकण-सीट वर करून, कमोडची रुंदी, आणि टाकीपासून कमोडच्या पुढच्या टोकापर्यंतचं अंतर. खुर्चीच्या सीटचा खालचा भाग कमोडपेक्षा उंच हवा आणि मागचा आडवा दांडा कमोडला आडवा येता कामा नये. आमची पहिली खुर्ची याच दांड्यामुळे कमोडवर बसली नाही, परत द्यावी लागली.

या खुर्चीचा तोटा असा की ती स्वतः चालवता येत नाही, कुणीतरी ढकलावी लागते, आणि छोटी चाकं अर्ध्या इंचाच्या पट्टीलाही अडतात, म्हणून वरचं उंबरठ्याचं काम यालाही लागतंच. दादा हात मजबूत असल्याने मोठ्या चाकांची अरुंद शॉवर चेअर वापरतो आता, ती महाग पडली पण त्याला दाराच्या आत एकट्याला जाता येतं, आणि आमच्या घरात त्या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा कशानेच पडला नाही. एकटा असला तरी मोबाईल पाण्यापासून वाचेल अशा पाऊचमध्ये हाताशी ठेवतोच.

सीटला गादी आहे का बघा. संवेदना नसलेला माणूस कडक प्लास्टिकवर पाऊण तास बसला तर त्वचेला इजा होते आणि त्याला कळतही नाही. आंघोळीनंतर बसायची जागा आरशाने किंवा घरच्यांनी बघायची, लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही तर त्यावर बसायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं. यात वाट बघू नका.

खुर्ची आंघोळीत नहाणीकडे सरकते त्याचं कारण ढाळ. एक पेला पाणी फरशीवर ओता आणि कुठे पळतं ते बघा, खुर्ची पण तिकडेच जाणार. चारी चाकांना ब्रेक हवेत, दोनच असतील तर ते ढाळाच्या खालच्या बाजूला येतील अशी खुर्ची वळवा आणि पाठ भिंतीला टेकवा. टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर फरशीवर क्षारांचा थर बसतो आणि त्यात साबण मिसळला की काच होते नुसती, ती घासून काढल्याशिवाय कुठलाच ब्रेक उपयोगाचा नाही.

कमोड

जाता येतं पण परत येता येत नाही, याचं कारण उंची. साधा कमोड १५-१६ इंच, व्हीलचेअरची सीट गादीसकट २०-२१ इंच. जाताना उतार, येताना चार-पाच इंच चढ आणि तेव्हा हात थकलेले असतात. सुगम कमोडसाठी ४५० ते ४८० मिलिमीटर म्हणजे १८-१९ इंच उंची सांगितलेली आहे ती याचसाठी. कमोड बदलायची गरज नाही, वर बसवायचा सीट रेझर (उंची वाढवणारी सीट) मिळतो, तो क्लॅम्पने घट्ट बसणारा घ्या, नुसता ठेवायचा घेऊ नका कारण बाजूने सरकून बसताना तो उलटतो. जुन्या घरात भारतीय संडास असेल तर त्यावर पायांची कमोड चेअर उभी करता येते, चारी पाय सपाट जागेवर येतात का तेवढं बघा, एक पाय जरी पायठेवणीच्या उंचवट्यावर आला तर वापरू नका.

ग्रॅब बार, आणि इथे नीट वाचा

सक्शनचे बार घेऊ नका. कितीही छान दिसले, कितीही रिव्ह्यू असले तरी नाही. टाईलवर क्षार, सांध्यात हवा, आणि तो कधी सुटेल ते आधी कळत नाही. टॉवेल रॉडला धरणं पण बंद करा, तो टॉवेलच्याच वजनाचा असतो.

स्क्रूचा बार भिंत कशाची आहे यावर टिकतो. जुन्या बिल्डिंगमध्ये वीट, नव्यात सिपोरेक्सचे हलके ब्लॉक, आणि आता बऱ्याच टॉवरमध्ये मायव्हानची सलग काँक्रीटची भिंत. विटेत आणि काँक्रीटमध्ये चांगला अँकर फास्टनर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट) धरतो, काँक्रीटला हॅमर ड्रिल लागतं. सिपोरेक्समध्ये साधी गिट्टी (भोकात ठोकायचा प्लग) आणि स्क्रू म्हणजे पावात खिळा. धायरीच्या घरात आमचा बार असाच होता, दोन महिन्यांनी थोडा हलायला लागला, मी स्क्रू पिळून घट्ट केला आणि आठवड्याने तो दादाच्या हातात आला. दादा कमोडच्या बाजूला पडला. त्याला दुखलं काहीच नाही म्हणून आम्ही पण निर्धास्त, संध्याकाळी मांडी सुजलेली दिसली, एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर. ज्याला संवेदना नाही त्याच्या बाबतीत "दुखत नाहीये" याला काहीच अर्थ नसतो, पडल्यावर सूज, गरमपणा, पायाचा वाकडेपणा बघायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं.

म्हणून बार हलला की पिळायचा नाही, वापर बंद. ड्रिल केल्यावर भोकातून लाल भुकटी आली तर वीट, राखाडी-पांढरी आणि ड्रिल लोण्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स. सिपोरेक्स निघालं की थांबा, तिथे केमिकल अँकर (भोकात रसायनाने चिकटवलेला बोल्ट) किंवा भिंतीच्या आरपार बोल्ट आणि मागे पट्टी असं काम लागतं, ते जाणकाराकडूनच करा. टाईल ठोकून पोकळ आवाज आला तरी तिथे लावू नका. नळाच्या सरळ वर आणि मिक्सर ते गिझरच्या मध्ये भिंतीत पाईप असतात, तिथे ड्रिल लावायचंच नाही. उंची ठरवताना गवंड्याच्या हाताने नाही, खुर्चीवरच्या माणसाला बसवून, त्याने हात टेकवून दाखवलेल्या जागी पेन्सिलची खूण करा. बसवल्यावर चोवीस तास थांबा आणि मग घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने आधी लोंबकळून बघायचं.

मालक ड्रिल करू देत नसतील तर कमोडच्या सीटच्या बोल्टला बसणारी दोन्ही बाजूला हात असलेली फ्रेम मिळते, पाय जमिनीवर. बाजूने सरकून ट्रान्सफर करणाऱ्याला तिचा हात वर होणारा हवा, नाहीतर तीच आडवी येते.

पाणी, वीज, गॅस

यात प्रयोग नाहीत. बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल तर माणूस आत असताना तो चालू ठेवू नका. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि ज्याला आंघोळीला चाळीस मिनिटं लागतात आणि पटकन उठून बाहेर येता येत नाही त्याला धोका सगळ्यात जास्त. बादल्या आधी भरा, गिझर बंद करा, मग माणूस आत. मालकांना सांगून तो बाहेर बाल्कनीत हलवता येतो का बघा, हलवण्याचं काम गॅसवाल्याचंच.

पाणी नेहमी आधी गार मग गरम, आणि कोपराने तपासायचं. साठ अंशाच्या पाण्याने काही सेकंदात भाजतं आणि पायाला कळत नसेल तर माणूस पाय मागे घेणार नाही. हँड शॉवर लांब पाईपचा लावा, जुना शॉवर काढून त्याच जागी बसतो, आणि बसल्या हाताला येईल अशा उंचीवर त्याचा हुक. विजेच्या गिझरला अर्थिंग आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते इलेक्ट्रिशियनला दाखवा. नळाला, बारला हात लावल्यावर जरा जरी झिणझिण्या आल्या तर मेन बंद करा आणि त्याला बोलवा.

इथे थांबा

दार रुंद करणं. चौकटीच्या शेजारी काँक्रीटचा कॉलम असू शकतो आणि मायव्हानची भिंत असेल तर ती भिंतच बिल्डिंगचं वजन पेलते, तिला हात लावायचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सोसायटीशिवाय विचारही नको. भाड्याच्या घरात इथपर्यंत यायची वेळ आली तर तो खर्च आणि दुसरं घर शोधणं यांची तुलना करा. आम्ही नऱ्ह्याचं घर घेताना सोळा घरं बघितली, टेप पर्समध्येच होता, दार, पॅसेज आणि उंबरठा मोजल्याशिवाय भाड्याचं बोलणंच केलं नाही.

ट्रान्सफर करताना दर वेळी उचलावं लागत असेल, मदत करणाऱ्याची कंबर धरत असेल, खांदे दुखत असतील, तर अजून सामान घेऊ नका, ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजची कामं कशी जमवायची ते शिकवणाऱ्या तज्ज्ञाला) घरी बोलवा. आमच्याकडे त्या आल्या, दादाला सरकताना बघितलं आणि खुर्ची कमोडच्या दुसऱ्या बाजूला लावायला सांगितली, कारण त्याचा डावा हात जास्त जोरकस आहे. एका भेटीत एवढं कळलं, तोपर्यंत आम्ही तीन वस्तू आणून बसलो होतो.

नवीन घराचं ॲग्रीमेंट करताना त्यात एक कलम घालून घ्या की बाथरूममध्ये बार लावायला, दार काढून ठेवायला परवानगी आहे आणि जाताना पूर्ववत करून द्यायचं. ॲग्रीमेंट रजिस्टर करायचंच असतं, त्यात लिहिलं की नंतर वाद होत नाही. सोडताना बारची भोकं टाईलच्या रंगाच्या ग्राऊटने भरा. लाकडी चौकटीला दार परत लावताना जुनी भोकं सैल झालेली असतात, त्यात काडेपेटीच्या काड्या फेव्हिकॉल लावून ठोका, रात्रभर सुकू द्या आणि मग स्क्रू पिळा. आणि स्क्रू, बिजागऱ्या एका पिशवीत घालून ती पिशवी दारालाच टेपने चिकटवून ठेवत जा.